कुलचिन्हाचा जुना छापा आणि वंशाचा प्रश्न

कुलचिन्हाचा जुना छापा म्हणजे बहुतेक वेळा एखाद्या ग्रंथातून सुटून आलेले पान. युरोपातल्या जुन्या वस्तूंच्या बाजारात चौकटीत बसवलेली अशी पाने आजही मिळतात. मध्ये ढाल, ढालीवर सिंह, गरुड किंवा नुसते पट्टे, वर शिरस्त्राण, त्यावर तुरा, दोन्ही बाजूंना कापडाची लहरती झूल आणि तळाशी फितीवर घराण्याचे नाव किंवा बोधवाक्य. ज्याचे आडनाव त्या फितीवर असते, त्याच्या मनात दोन प्रश्न एकदमच उभे राहतात: हा कागद कुठला आणि आपण कुठले? प्रश्न जुळे वाटले तरी त्यांच्या वाटा वेगळ्या आहेत. पहिल्याचे उत्तर कागद, शाई आणि ग्रंथ देतात. दुसऱ्याचे उत्तर शोधताना मात्र चिन्ह माणसाचे कशाने होते, हे आधी ठरवावे लागते. रक्ताने, नावाने, वापराने की इतरांच्या मान्यतेने? युरोपातले कायदेपंडित, कवी आणि धर्मोपदेशक या प्रश्नावर शतकानुशतके भांडत आले, आणि छाप्याचा माग काढणारा नकळत त्याच वादात पाऊल टाकतो.

आधी कागद. ताम्रपटावरून काढलेला छापा हाताला कळतो. कोरलेल्या रेषांत शाई भरून ओलसर कागद पत्र्यावर दाबला जातो, तेव्हा पत्र्याच्या कडांचा आयताकृती खळगा कागदावर उमटतो. पान कडेने कापले नसेल तर चित्राभोवती बोट फिरवले की तो जाणवतो. लाकडी ठशाच्या छाप्यात असा खळगा नसतो आणि रेषाही जाडसर असतात. शिळाछापात तर काहीच दबलेले नसते. हे तंत्र आलोइस झेनेफेल्डर यांनी १७९६च्या सुमारास शोधले, त्यामुळे शिळाछापातले कुलचिन्ह त्याआधीचे असू शकत नाही, मग फितीवर कितीही जुने साल लिहिलेले असो. कागद उजेडाकडे धरल्यावर समांतर रेषांची जाळी दिसली तर तो जुन्या पद्धतीच्या साच्यावर हाताने केलेला असण्याचा संभव मोठा. मध्येच एखादे जलचिन्ह सापडले तर गिरणीचाही पत्ता लागू शकतो. पानाच्या पाठीवर मजकूर किंवा दुसऱ्याच घराण्याची ढाल असेल, तर ते पान ग्रंथातून कापलेले आहे यात शंका उरत नाही.

काळ ठरवण्याची याहून सुंदर खूण ढालीच्या आतच असते. कुलचिन्हात रंगाला आकृतीइतकेच महत्त्व असते. निळ्या ढालीवरचा सोनेरी पट्टा आणि लाल ढालीवरचा सोनेरी पट्टा ही दोन वेगळी चिन्हे. पण ताम्रपट छापतो एकाच शाईत. नुरेंबर्गच्या योहान झीबमाखर यांच्या १६०५च्या प्रसिद्ध संग्रहात यावर उपाय म्हणून ढालीच्या भागांवर रंगांची आद्याक्षरे घातली आहेत. पुढे नेदरलँड्सच्या परिसरात रेघांच्या खुणा रूढ होऊ लागल्या, आणि सिल्वेस्टर पेत्रा सांक्ता या जेझुइट पाद्र्याच्या १६३८च्या ग्रंथामुळे त्यांतली एक पद्धत युरोपभर पसरली. उभ्या रेघा म्हणजे लाल, आडव्या म्हणजे निळा, तिरप्या म्हणजे दिशेनुसार हिरवा किंवा जांभळा, उभ्या-आडव्यांची जाळी म्हणजे काळा, ठिपके म्हणजे सोने, कोरी जागा म्हणजे चांदी. त्यामुळे या रेघा असलेला छापा सहसा सतराव्या शतकाच्या मध्याआधीचा नसतो. कित्येक पानांवर पुढे कुणीतरी हाताने रंग भरलेले दिसतात, आणि आडव्या रेघांवर लाल रंग आढळला तर रंगवणाऱ्याला रेघांचा अर्थ ठाऊक नव्हता हे उघड होते. अशा वेळी भरवसा रेघांवर ठेवायचा.

यानंतर ग्रंथ ओळखायचा. जर्मन घराण्यांसाठी झीबमाखर आणि त्याच्या नंतर वाढत गेलेल्या आवृत्त्या, ब्रिटिश बेटांसाठी बर्क यांचा एकोणिसाव्या शतकातला कोश, आणि सगळ्या युरोपासाठी डच अभ्यासक रीटस्टाप यांचा कोश. रीटस्टाप यांच्या दुसऱ्या आवृत्तीत एक लाखाहून अधिक चिन्हांची वर्णने आहेत, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रोलाँ यांनी त्यांवरून चित्रांचे खंडच्या खंड काढले. छापा यांपैकी एखाद्या पानाशी जुळला की पहिल्या प्रश्नाचा निकाल लागतो. अमुक साली, अमुक नगरात, अमुक घराण्याचे म्हणून हे चिन्ह छापले गेले.

खरी अडचण इथून सुरू होते. ग्रंथकाराने ते चिन्ह त्या घराण्याचे आहे हे कशावरून ठरवले? आणि त्या नावाचा आजचा माणूस त्या घराण्याचा आहे हे कशावरून ठरवायचे?

ढालीवर खूण काढण्याची चाल जुनी आहे, पण तीच खूण बापाकडून मुलाकडे आणि मुलाकडून नातवाकडे जाणे ही बाराव्या शतकातली गोष्ट. आंजूच्या जॉफ्रीची थडग्यावरची मीनाकारीची पाटी फ्रान्समधल्या ल माँ इथे जपलेली आहे. तिच्यात त्याच्या हातात सोनेरी सिंहांची निळी ढाल आहे. त्याचा नातू विल्यम लाँगएस्पे १२२६ मध्ये वारला. इंग्लंडमधल्या सॉल्झबरी कॅथीड्रलमध्ये त्याच्या समाधीशिल्पाच्या ढालीवर तसेच सिंह आहेत. वंशपरंपरेने गेलेल्या चिन्हाचा हा अगदी आरंभीचा पुरावा मानतात. या पुराव्यात एक मेख आहे. लाँगएस्पे हा दुसऱ्या हेन्री राजाचा विवाहबाह्य मुलगा होता. विवाहबाह्य संततीला वारसा नाकारणाऱ्या कायद्याच्या काळात, वारशाने चिन्ह गेल्याचे हे ठळक उदाहरण नेमके अशा मुलाचे आहे. वंश आणि चिन्ह यांचे नाते पहिल्या दिवसापासूनच सरळ नव्हते.

या नात्यावर पहिला शास्त्रशुद्ध विचार केला तो इटलीच्या बार्तोलुस या कायदेपंडिताने. १३५७ मध्ये तो वारला तेव्हा चिन्हांवरचा त्याचा छोटा ग्रंथ पुरा व्हायचा होता. स्वतः त्याला सम्राट चौथ्या चार्ल्सने सिंहाचे चिन्ह बहाल केले होते, तरीही चिन्ह हे राजाच्या देणगीनेच मिळते असे तो म्हणत नाही. नाव जसे कुणीही धारण करू शकतो तसे चिन्हही, असे त्याचे मत. अडवायचे ते फक्त दुसऱ्याचे नुकसान होत असेल तेव्हा. तो एका जर्मन यात्रेकरूचा दाखला देतो. पापमुक्तीच्या पर्वात हा मनुष्य रोमला गेला आणि तिथे एक इटालियन आपल्याच पूर्वजांचे चिन्ह वापरताना त्याने पाहिला. त्याला तक्रार करता येईल का? बार्तोलुस म्हणतो, नाही. दोघांच्या देशांत इतके अंतर आहे की एकामुळे दुसऱ्याचे काहीच बिघडत नाही. या निकालाचा अर्थ खोल आहे. चिन्ह हे रक्तात भिनलेले सत्य असते तर अंतराने काही फरक पडला नसता. बार्तोलुसच्या लेखी चिन्हाचे काम माणसाला इतरांपासून ओळखू येईल असे करणे, आणि ओळख ही पाहणाऱ्यांच्या वर्तुळापुरतीच असते.

इंग्लंडमध्ये हाच प्रश्न रणांगणातून न्यायालयात गेला. १३८५ मध्ये दुसऱ्या रिचर्डच्या स्कॉटलंडवरच्या स्वारीत रिचर्ड स्क्रोप आणि रॉबर्ट ग्रॉव्हनर हे दोघे सरदार एकाच चिन्हाने आले: निळ्या ढालीवर तिरपा सोनेरी पट्टा. खटला पाच वर्षे चालला आणि शेकडो साक्षी झाल्या. साक्षीदारांनी काय सांगितले हे पाहण्याजोगे आहे. मठाधिपतींनी आपल्या चर्चमधल्या रंगीत काचा, थडगी आणि वस्त्रे यांचा हवाला दिला. म्हाताऱ्या सैनिकांनी अमक्या मोहिमेत तमक्याला त्या चिन्हाखाली पाहिल्याचे सांगितले. १३८६ मध्ये कवी जेफ्री चॉसर साक्षीला आला. त्याने सांगितले की फ्रान्समधल्या मोहिमेत स्क्रोप मंडळींना त्याच चिन्हाने लढताना आपण पाहिले आहे. पुढे एकदा लंडनच्या फ्रायडे स्ट्रीटवरून जाताना एका घरावर नवी पाटी टांगलेली दिसली, तिच्यावर तेच चिन्ह. स्क्रोपांचे चिन्ह इथे कुणी लावले, असे त्याने विचारले. उत्तर मिळाले की हे स्क्रोपांचे नव्हे, चेशरच्या ग्रॉव्हनर नावाच्या सरदाराचे आहे. आणि ते नाव त्याने त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले. निकाल स्क्रोपच्या बाजूने लागला. ग्रॉव्हनरला नवे चिन्ह घ्यावे लागले, सोनेरी गव्हाची पेंढी.

याच खटल्यात आणखी एक हकिकत पुढे आली. त्याआधी फ्रान्सच्या मोहिमेत कॉर्नवॉलच्या कारमिनो नावाच्या सरदारानेही त्याच पट्ट्यावरून स्क्रोपशी वाद घातला होता. कारमिनोने सांगितले, आपले चिन्ह आर्थर राजाच्या काळापासूनचे. स्क्रोपने सांगितले, आपले नॉर्मन राजा विल्यमच्या इंग्लंडविजयापासूनचे. दोघांनाही ते वापरण्याची मुभा मिळाली. वंशपरंपरेने जाणारी चिन्हे तर बाराव्या शतकाआधी अस्तित्वातच नव्हती. म्हणजे दोन्ही दावे इतिहासाच्या कसोटीवर उतरणारे नव्हते. तरी त्यांना खोटे म्हणणे घाईचे ठरेल. समकालीनांच्या स्मरणात ज्याला आरंभ दिसत नाही ते अनादि, असा तो हिशेब होता. त्या न्यायालयाला मूळ पुरुष शोधायचा नव्हता, लोकांच्या आठवणीत कोण आधी बसला आहे हे पाहायचे होते.

धर्माच्या बाजूने हा प्रश्न अधिक धारदार होतो. सगळी माणसे आदमची लेकरे असतील तर काहींचेच कुळ मोठे कसे? दान्तेने आपल्या ‘कोन्विव्हियो’च्या चौथ्या भागात याच तर्काने घाव घातला. जुनी संपत्ती आणि चांगले रीतिरिवाज म्हणजे कुलीनता, ही सम्राट फ्रेडरिकच्या नावावर सांगितली जाणारी व्याख्या त्याने खोडून काढली. हलक्या बापाचा मुलगा कधीच कुलीन होऊ शकत नसेल, तर आदम हलका असल्यास सगळेच हलके आणि तो थोर असल्यास सगळेच थोर. कुलीनता काळाच्या ओघात येते म्हणावे, तर ती कोणत्या क्षणी आली हे सांगता येत नाही. दान्तेचा निष्कर्ष असा की कुलीनतेचे बीज ईश्वर एकेका आत्म्यात टाकतो. कुळ थोर ठरते ते त्यातल्या माणसांमुळे, माणसे कुळामुळे नव्हे. १३८१ च्या इंग्लिश शेतकरी बंडात जॉन बॉल या धर्मोपदेशकाने आदम-हव्वेचाच आधार घेऊन सरदारकीवर प्रश्न उभा केला. तो पुस्तकातला युक्तिवाद नव्हता. त्यासाठी त्याला देहान्त शिक्षा झाली.

दान्तेला उत्तर देणारा पंडित पुन्हा बार्तोलुसच. देवासमोरची थोरवी त्याने नाकारली नाही. पण ती माणसाला दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या गोष्टीवर व्यवहार चालत नाही. म्हणून जगात चालते ती वेगळी थोरवी, सत्ता आणि रूढी देतात ती. या दोघांच्या मतभेदात कुलचिन्हाचे सगळे तत्त्वज्ञान सामावले आहे, असे म्हणायला हरकत नाही. चिन्ह दुसऱ्या प्रकारचे, पण ते बाळगणाऱ्याला पहिल्या प्रकारची ग्वाही त्यातून हवी असते.

ही भूक किती मोठी होती हे चिन्हकारांच्या वह्यांतून दिसते. त्यांनी आदमला कोरी लाल ढाल दिली, हव्वेला चांदीची. त्रैक्याचा गूढ सिद्धांत ढालीवर मांडला गेला, ख्रिस्ताच्या यातनांची साधने (खिळे, भाला, काटेरी मुकुट) त्याचे कुलचिन्ह म्हणून चितारली गेली. १४८६ मध्ये सेंट ऑल्बन्स इथे छापलेल्या पुस्तकात तर ख्रिस्त आईच्या बाजूने खानदानी आणि चिन्हधारी होता असे ठासून सांगितले आहे. सुताराच्या घरी वाढलेल्या ख्रिस्ताला ढाल देणे आज विचित्र वाटते. त्यामागची श्रद्धा मात्र खरी होती. ज्याला चिन्ह नाही त्याला पूर्वज नाहीत, आणि ज्याला पूर्वज नाहीत तो अर्धवट, असे मानणाऱ्या समाजाने आपल्या देवालाही ती उणीव राहू दिली नाही. गोव्यात ओल्ड गोव्याच्या सेंट फ्रान्सिस ऑफ असिसी चर्चच्या फरशीत पोर्तुगीज घराण्यांच्या कुलचिन्हांच्या थडग्यांचे दगड बसवलेले आहेत. मोक्षाची आशा आणि कुळाचा अभिमान तिथे एकाच शिळेवर कोरलेले आहेत.

रक्ताचा हिशेब मांडला तर चिन्हाचा दावा फारच अरुंद दिसतो. दर पिढीला पूर्वज दुप्पट होतात. दहाव्या पिढीत १,०२४ जागा भरतात. आडनाव आणि ढाल त्यांतल्या एकाच पुरुषाकडून, बापाच्या बापाच्या बापाकडून येते. उरलेल्या १,०२३ जणांचा छाप्यावर मागमूस नसतो. भाऊ नसलेल्या वारस मुलींची चिन्हे नवऱ्याकडच्या ढालीत सामावून घ्यायची सोय होती, आणि तिचा हव्यास इंग्लंडमधल्या ग्रेनव्हिल घराण्याने कुठवर नेला ते त्यांच्या एकोणिसाव्या शतकातल्या चित्रफलकावर दिसते. त्या एका ढालीत ७१९ घरे आहेत. इतकी गर्दी झाल्यावर ओळख पटवण्याचे ढालीचे मूळ काम मात्र संपते.

शिवाय देशोदेशी चिन्हाच्या मालकीचे नियम वेगळे. इंग्लंडमध्ये ज्याला चिन्ह मिळाले त्याच्या पुरुषवंशातल्या सगळ्यांना ते चालते. स्कॉटलंडमध्ये मूळ चिन्ह एका वेळी एकाच माणसाचे; धाकट्या शाखांनी बदल करून ते १६७२च्या कायद्याने सुरू झालेल्या नोंदवहीत चढवावे लागते. पोलंडमध्ये याच्या अगदी उलट. तिथे एकाच चिन्हाखाली रक्ताचे काही नाते नसलेली शेकडो घराणी असत. १४१३ मध्ये होरोद्वो इथल्या करारात पोलिश सरदारांनी ४७ लिथुएनियन घराण्यांना आपापल्या चिन्हांत दत्तक घेतले. अट होती कॅथलिक असण्याची. म्हणजे जी गोष्ट पिढ्यान्‌पिढ्यांच्या रक्ताची मानली जाते, ती तिथे धर्म आणि करार यांच्या जोरावर एका दिवसात मिळाली. फ्रान्समध्ये चौदाव्या लुईने १६९६ मध्ये तर तिला कराचेच साधन केले. चिन्हांची नोंद सक्तीची झाली, माणशी वीस लिव्हर शुल्क लागले, आणि ज्यांनी चिन्ह कळवले नाही त्यांच्यावर कारकुनांनी रचलेली चिन्हे लादली गेली. लाखाहून अधिक नोंदी झाल्या. त्यांत दुकानदार, वैद्य आणि कारागीर यांची संख्या मोठी आहे. ज्या ढालीचा त्यांच्या घराशी कधीच संबंध नव्हता, ती आज त्यांच्या वंशजांना ग्रंथात ‘आपली’ म्हणून सापडते. १७९० च्या जून महिन्यात क्रांतीने वंशपरंपरागत सरदारकीबरोबर चिन्हेही रद्द केली.

आडनावावरून चिन्ह विकण्याचा धंदा विसाव्या शतकात फोफावला. रीटस्टाप किंवा बर्क उघडायचा, गिऱ्हाइकाचे आडनाव शोधायचे, तिथली ढाल सुबक छापून द्यायची. लंडनचे कॉलेज ऑफ आर्म्स १४८४ पासूनची संस्था. आडनावाचे असे कुलचिन्ह नसतेच, हे ती स्पष्ट सांगते. चिन्ह मागणाऱ्याने ज्याला ते मिळाले त्या पुरुषापर्यंत अखंड पुरुषवंश सिद्ध करावा लागतो. त्यासाठी बाप्तिस्म्याच्या आणि दफनाच्या नोंदी, मृत्युपत्रे, आणि १५३० ते १६८८ या काळात हेरल्डांनी, म्हणजे चिन्हांची नोंद ठेवणाऱ्या अधिकाऱ्यांनी, परगण्या-परगण्यांत फिरून लिहिलेल्या वंशावळी चाळाव्या लागतात. या कामात छापा पुरावा म्हणून जवळजवळ निरुपयोगी असतो. त्याचा उपयोग दिशा दाखवण्यापुरता.

पण पुरुषवंशाचा हा कडक नियम पाळणाऱ्या इंग्लंडनेच एक दार उघडे ठेवले होते. निपुत्रिक जमीनदार आपल्या मृत्युपत्रात अट घाले की भाचा, जावई किंवा नुसता स्नेही, जो इस्टेट घेईल त्याने आपले नाव आणि चिन्हही घ्यावे. राजाच्या परवान्याने तो बदल पक्का होई. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत अशी पुष्कळ घराणी रक्ताने तुटली आणि नावाने चालू राहिली. मराठी वाचकाला यात दत्तकविधान दिसल्याशिवाय राहणार नाही. धर्मशास्त्राने दत्तकपुत्राचे गोत्रच बदलले. पिंडदानाचा अधिकार आणि घराण्याचे नाव त्याला विधीने मिळते. मराठा कुळांचे देवकही खुणेचेच नाते सांगते. पंचपल्लव असो वा कळंब, लग्नात त्याची स्थापना होते आणि समान देवकांत सोयरीक होत नाही. फरक इतकाच की देवक घरातल्या विधीसाठी असते, चारचौघांत मिरवण्यासाठी नसते.

ढालीचे चिन्ह मात्र हिंदी राजघराण्यांकडे वरून आले. १ जानेवारी १८७७ च्या दिल्ली दरबारात व्हाइसरॉय लिटन यांच्याकडून संस्थानिकांना रेशमी निशाणे मिळाली. त्यांवरची कुलचिन्हे बंगालच्या मुलकी सेवेतले रॉबर्ट टेलर यांनी युरोपीय धाटणीवर रचली होती. त्या दरबारात बडोद्याकडून आलेले सयाजीराव गायकवाड तेव्हा अल्पवयीन होते. कवळाण्याच्या शेतकरी घरातला, गायकवाडांच्याच दूरच्या शाखेतला हा मुलगा बडोद्याच्या महाराणी जमनाबाईंनी १८७५ मध्ये दत्तक घेतला होता. टेलर यांनी रचलेल्या चिन्हांचा संग्रह पुढे छापला गेला. त्यातल्या बडोद्याच्या पानाचा माग काढणारा १८७७ च्या दरबारासाठी चिन्हे रचणाऱ्या एका अधिकाऱ्याच्या मेजापाशी पोचतो. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या पिलाजीराव गायकवाडांपर्यंत, म्हणजे घराण्याच्या मुळापर्यंत, जायचे तर वाट दुसरी आहे. ती सनदांतून, वंशावळीतून आणि दत्तकविधानाच्या कागदांतून जाते.